कानामागची गाठ

पहिला थेंब पडला तो राजाच्या डोक्यावर.

राजा म्हणजे नाटकातला. तो स्वतः तेव्हा त्याच्या घरी आरामात चहा पीत असेल. आमच्या टेबलावर होतं ते त्याच्या मापाचं लाकडी डोकं, आणि त्यावर आमच्या ठिणगीने केलेला टोप. ठिणगी म्हणजे माझी नात. आईबापांनी तिचं फार गोड नाव ठेवलं होतं, पण ते तिने बालवाडीच्या पहिल्याच दिवशी जाळून टाकलं. नाटकवाल्यांसाठी टोप करते ती. जाळीवर एकेक केस गाठ मारून बसवायचा, आणि गाठ अशी की भिंगातूनही दिसता कामा नये. तिचा टोप घालून एक टकलू नट घरी गेला तर त्याच्या बायकोने त्याला ओळखलंच नाही, नव्याने प्रेमात पडली आणि जुन्या नवऱ्याला सोडून याच्याबरोबर पळून गेली. खोटं नाही सांगत.

तर राजाच्या कुरळ्या बटा पिना लावून वाळत होत्या. दुसऱ्या दिवशी तालीम. आणि छतातून... टप्. मग दुसरा थेंब. मग बारीकशी धारच लागली आणि राजाच्या बटा एकामागून एक सरळ झाल्या.

ठिणगीने वर बघितलं. तिच्या रागाने मी एकदा दूध उतू जाताना पाहिलंय, गॅस बंद असताना. त्या दिवशी तर खिडकीच्या काचांवर वाफ धरली.

"आजी, वर कोण राहतं?"

"नवीन आलाय कोणीतरी. लिफ्टा दुरुस्त करतो म्हणे."

"लिफ्टा? आपल्याच बिल्डिंगची लिफ्ट कधीपासून बंद आहे!"

"म्हणूनच बंद आहे. घरी आल्यावर कोण काम करतो?"

हातातली फणी तशीच घेऊन ती जिन्याने वर धावली. तिच्यामागे मी. माझे गुडघे दुखतात, पण असा तमाशा काय गुडघ्यांसाठी सोडायचा?

वरचं दार उघडंच होतं. ठिणगी बेल दाबणार, तोच आतून एक वस्तू बाहेर आली. आधी वाटलं, फरशी पुसायच्या फडक्याला पाय फुटले. मग ते फडकं भुंकलं. फेसाने माखलेलं, एवढंसं, मांजरापेक्षा जरा मोठं, आणि रागाने नखशिखांत थरथरत होतं. त्याच्यामागे पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला, भिजून चिंब झालेला एक तरुण. एका भुवईवर साबणाचा फेस.

"धरा! धरा त्याला! जिन्याने गेला तर संपलं!"

ठिणगीने झडप घालून कुत्र्याला उचललं. कुत्रा गुरगुरला. ठिणगीही गुरगुरली. दोघांत कुत्रा आधी गप्प बसला.

"थँक्यू हं," तो तरुण धापा टाकत म्हणाला. "फार रागीट आहे हो हा."

"रागीट? राग काय असतो ते आता दाखवते तुम्हाला! तुमच्या बाथरूमचं पाणी माझ्या राजाच्या—"

आणि ती मधेच थांबली. तिचा हात कुत्र्याच्या पाठीवर होता. केसांत हात गेला की तिच्या बोटांना तिच्याआधी सगळं कळतं. तिने वरचे केस बाजूला केले. आत बघितलं. पोटाखाली बघितलं, बगलेत बघितलं, कानामागे बघितलं.

"हे... हे काय आहे?"

"कुत्रा आहे," तो म्हणाला.

"ते दिसतंय मला! हे केस! भिजवायच्या आधी विंचरले होते?"

"आधी?" तो गोंधळला. "आंघोळीच्या आधी कोण केस विंचरतं?"

मी डोळे मिटून घेतले. काही गोष्टी या वयात बघवत नाहीत.

"अहो, लांब केसांत गुंता असला आणि त्याला पाणी लागलं, की गाठ आवळते!" ठिणगीचा आवाज पार खालच्या रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण दोन-तीन गाड्या आपोआप थांबल्या. "आधी एकेक गुंता सोडवायचा, मग पाणी! आणि वरून टॉवेलने चोळलंत ना? गोल गोल?"

"मग टॉवेल कसा फिरवतात?"

"फिरवत नाहीत! दाबतात! पायपुसणं केलंत तुम्ही याचं! जिवंत पायपुसणं!"

"बरं, बरं... मग कापून टाकतो ना सगळे. दाढीचं मशीन आहे माझ्याकडे—"

"हात लावून तर बघा!"

तो एक पाऊल मागे सरला. मग हळूच म्हणाला, "तसंही मला कापता येणार नाहीत. कुत्रा ताईचा आहे. ती कामासाठी बाहेरगावी गेली आहे, महिनाअखेरीला येईल. जाताना म्हणाली, झिपऱ्याचा एक केस कमी झालेला दिसला तर तुझे सगळे काढीन." आणि त्याचा हात नकळत स्वतःच्या डोक्यावर गेला. केस बरे होते हो पोराचे. दाट, मानेवर जरासे वळलेले. मी बघितलं. ठिणगीनेही बघितलं आणि आणखी चिडली.

"उद्यापासून रोज संध्याकाळी मी येणार," ती म्हणाली. "मी गुंता सोडवणार, तुम्ही धरून बसणार. आणि तोंड बंद ठेवायचं."

"कुत्र्याचं?"

"तुमचं!"

खाली आल्यावर मी विचारलं, "आणि राजाचं काय गं? ते बोलायलाच गेली होतीस ना?" तेव्हा तिला टोप आठवला. त्या संध्याकाळी तिने एकेक बट पुन्हा वाफेवर धरून वळवली, आणि प्रत्येक बटेला वरच्या मजल्याला एक शिवी दिली. इतका घट्ट कुरळा राजा त्या नाटकवाल्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. त्याच्या जेवणाच्या टेबलावर जुनी चादर, चादरीवर झिपऱ्या, एका बाजूला फणी घेऊन ठिणगी, दुसऱ्या बाजूला तो लिफ्टवाला. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत मी, मटार सोलायला. मटार काय, घरीही सोलता आले असते.

गाठीवर ती आधी चिमूटभर कॉर्नफ्लॉवर भुरभुरवायची, म्हणजे केस सुटे होतात. मग बोटांनी गाठ मोकळी करायची, आणि मग फणी. तीही टोकाकडून. टोक सुटलं की जरा वर, ते सुटलं की आणखी जरा वर.

"मुळाशी धरा," ती त्याला खेकसायची. "असं नाही! दोन बोटांत घट्ट. फणी ओढली की ओढ त्याला लागायला नको, तुमच्या बोटांना लागू दे."

"तुम्ही बाकी सगळ्यांशीच अशा बोलता, की मी खास आहे?"

"तुम्ही खास आहात. खास बिनडोक."

"झिपऱ्या, ऐकलंस? खास म्हणाल्या."

झिपऱ्या गुरगुरायचा. ठिणगी गुरगुरायची. लिफ्टवाला खाली मान घालून हसायचा, आणि ते तिला दिसायचं, आणि मग ती फणी अशी आपटायची की टेबलाचे पाय आखूड होत चालले. शेवटी शेवटी आम्ही जवळजवळ जमिनीवरच बसत होतो.

तसा पोरगा कामाचा होता. एकदा मांडीजवळची गाठ काही केल्या सुटेना. ठिणगी चिडून ओढायला लागली. तेव्हा तो म्हणाला, "थांबा जरा. लिफ्टच्या दोराला पीळ बसला की आम्ही ओढत नाही. उलट सैल सोडतो. मग तो स्वतःच दाखवतो कुठे अडकलाय ते." आणि बोटाने गाठ वर उचलून त्याने अशी सैल धरली, की मधला एक केस अलगद बाहेर आला. त्याच्यामागून बाकीचे.

ठिणगीने फणी पुढच्या गाठीला लावली. जिना उतरताना मात्र म्हणाली, "नखांत ग्रीस असतं त्याच्या. शी."

"हो ना," मी म्हटलं. "फार जवळून बघितलंस."

आणि मग ती वेणीची संध्याकाळ. झिपऱ्याने मान झटकली, आणि ठिणगीच्या वेणीचं टोक त्याच्या गळपट्ट्याच्या बक्कलात अडकलं. तो जरा हलला तरी हिची मान खेचली जायची. हिने वेणी हिसकायला हात लावला.

"ओढू नका," तो म्हणाला.

तो वाकला. एका हाताच्या दोन बोटांत त्याने तिची वेणी वरून धरली, घट्ट, पण तिला जाणवणारही नाही अशी. दुसऱ्या हाताने बक्कलातला एकेक केस सोडवायला लागला. सावकाश. ठिणगीच्या नाकापासून त्याचा कान वीतभर अंतरावर. झिपऱ्यासुद्धा भुंकायचा थांबला. नळ गळायचा थांबला. भिंतीवरचं घड्याळही थांबलं होतं, मी पाहिलं.

"दुखतंय का?"

"... नाही."

"नाहीच दुखणार. ओढ माझ्या बोटांना लागतेय. तुम्हीच शिकवलंत ना..."

शेवटचा केस सुटला. वेणी मोकळी झाली. बोटं मात्र वेणीवर आणखी जराशी रेंगाळली.

"झालं ना?" ठिणगी एकदम ओरडली. "मग सोडा की! काय संग्रहालयात ठेवायचीय?"

तिचे कान लालबुंद झाले होते. रागाने, असं ती नंतर म्हणाली. मी म्हटलं, हो बाई, रागानेच. घरी येऊन बघते तर मी सालं पातेल्यात भरली होती आणि मटारचे दाणे त्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले होते.

दिवस जात होते. पाठ मोकळी झाली, पाय झाले, पोट झालं. फडक्यातून हळूहळू कुत्रा बाहेर येत होता. सोनेरी, रेशमी, फणी लावली की सरसर खाली जाईल असा. आणि जसजसा झिपऱ्या सुटत गेला, तसतशी ठिणगी आवळत गेली. मला कळत होतं. गुंता संपला की भांडण संपलं, आणि भांडण संपलं की वर जायला निमित्त कुठलं? ताई येणार, कुत्रा घेऊन जाणार, आणि जिन्यात भेटल्यावर हे दोघं काय बोलणार... हवा बरी आहे म्हणून?

उरली ती एकच गाठ. डाव्या कानामागची. सुपारीएवढी. रोज ठिणगी तिथपर्यंत यायची, गाठ चाचपायची आणि म्हणायची, "ही फार अवघड आहे. आज नको, दुखेल त्याला. उद्या."

केसापेक्षा बारीक गाठी मारणारी माझी नात! डोळे बांधून, एका हाताने, शिंक आवरत ती गाठ सोडवली असती तिने. पण मी कशाला बोलू? मी आपले मटार सोलत होते. त्या महिन्यात बाजारात मटारचा भाव वाढला तो आमच्यामुळे.

आणि मग त्या शहाण्याने घोळ घातला.

त्या संध्याकाळी आम्ही वर गेलो तर दारातच उभा. तोंडभर हसू.

"आज तुमच्यासाठी गंमत आहे. बघा!"

झिपऱ्याचा डावा कान त्याने वर उचलला. मागे गाठ नव्हती. केस मोकळे, मऊ, चकचकीत.

"दुपारी सुट्टी घेतली आणि एकट्याने सोडवली," तो म्हणाला. "कॉर्नफ्लॉवर लावून, टोकाकडून, मुळाशी धरून. सैल सोडली. एकदाही गुरगुरला नाही! तुम्ही म्हणायचात ना मला काही जमत नाही? जमलं!"

ठिणगी बघत राहिली. मग असा आवाज काढला तिने... मी तिला लहानपणापासून रागावलेली पाहिलीय, पण हा राग वेगळा होता. त्यात पाणी होतं.

"कोणी सांगितलं होतं?"

"अं? नाही, मला वाटलं—"

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला? ती माझी गाठ होती!"

"तुमची? गाठ कुत्र्याची होती..."

"बास! झालं ना तुमचं काम? सुटलात ना? बसा आता आनंदात!"

आणि ती गेली. दार असं आपटलं की त्याच्या घराचा नंबर उलटा झाला. तो हातात फणी घेऊन माझ्याकडे बघत उभा.

"आजी, माझं काय चुकलं?"

"तू सोड," मी म्हटलं. "तुला दोरखंड कळतात तेवढं बस आहे."

पुढचे काही दिवस वर शांतता, खाली शांतता. ठिणगीने एका म्हाताऱ्या मंत्र्याचा टोप केला, तो इतका रागीट झाला की नटाला घालायची भीती वाटली. झिपऱ्या तेवढा संध्याकाळ झाली की वरून जमीन उकरायचा. आमच्या छतावर, बरोबर ठिणगीच्या खुर्चीच्या वर, नखांचा आवाज यायचा... खर्र, खर्र.

महिना संपायला आला आणि लिफ्टवाला दारात उभा राहिला. दाढी वाढलेली.

"आज ताई येतेय. त्याला आंघोळ घालायचीय. विंचरलंय आधी, सगळं, शपथ. पण एकट्याने धरवत नाही. फक्त आजच्या दिवस याल?"

"नाही," ठिणगी म्हणाली आणि बाह्या दुमडत त्याच्यापुढे जिना चढायला लागली.

या वेळी आंघोळ कशी घालायची ते तिने दाखवलं. कानांत कापसाचे बोळे. कोमट पाणी, आधी पायांवर, मग पाठीवर, डोक्यावर सगळ्यात शेवटी. साबण चोळायचा नाही, केसांवरून वरून खाली ओघळू द्यायचा. सगळं चिडून. तो पाण्याचा मग भरून देत होता, ती हिसकावून घेत होती. झिपऱ्या दोघांना चावायचा प्रयत्न करत होता, पण फेसामुळे सगळे दात घसरत होते.

"हळू ओता!"

"हळूच ओततोय."

"याला हळू म्हणतात? आणि डोळे! डोळे झाका त्याचे! एक गोष्ट धड—"

आणि तेव्हा लिफ्टवाला भडकला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. हातातला मग त्याने फरशीवर आपटला.

"बास! मी काय तुमचं ते लाकडी डोकं आहे, वाटेल तशा टाचण्या टोचायला? चुकलो तेव्हा ओरडलात, कबूल. पण बरोबर केलं तेव्हा जास्त ओरडलात! एक गाठ सोडवली मी, एक! तुम्हाला बरं वाटावं म्हणून! त्यासाठी तोंड फिरवून बसलात इतके दिवस! काय गुन्हा केला मी, ते तरी सांगा!"

तेवढ्यात खालून, जिन्यातून, एक दणदणीत आवाज आला. "लिफ्ट बंद! माझा भाऊ लिफ्टवाला, आणि लिफ्ट बंद!"

ताई आली होती. तळमजल्यावर होती.

ठिणगीने झिपऱ्याला टॉवेलवर उभं केलं.

"सांगा ना," तो म्हणाला.

"काही नाही सांगायचं."

"पहिलाच मजला आणि माझा जीव गेला!" खालून ताई.

"आता ती येईल, याला घेऊन जाईल," तो म्हणाला, "आणि तुम्ही परत कधी वर येणार नाही. मला माहीत आहे. निदान भांडणाचं कारण तरी ठेवून जा..."

"कारण? कारण हवंय तुला?" ठिणगी फिरली. तुम्हीचा तू कधी झाला ते तिलाही कळलं नाही. "ती गाठ मी ठेवली होती! मुद्दाम! केव्हाच सुटली असती ती, चुटकीसरशी! रोज म्हणायचे उद्या, उद्या, कारण ती सुटली की वर यायला दुसरं काही उरणार नव्हतं! आणि तू... तू सुट्टी काढून सोडवलीस! हसत हसत! आता हस!"

तो हसला नाही. तोंड उघडं, कोपरावरून पाणी टपकतंय.

"दुसरा मजला! हाड मोडेन मी याचं!" जिन्यातून.

मग त्याने काय करावं? त्याने टॉवेल उचलला. झिपऱ्याच्या डोक्यावर टाकला. आणि चोळायला लागला. गोल. गोल. गोल.

"अरे! अरे, काय करतोयस!" ठिणगी किंचाळली. "गुंता होईल! सोड! वेडा आहेस का तू!"

"हो," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिशेनेही चोळलं.

तिने टॉवेल ओढला. त्याने सोडला नाही. टॉवेलच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, मधे झिपऱ्या. ती ओरडत होती, आणि ओरडता ओरडता हसायला लागली, आणि हसतेय म्हणून स्वतःवरच चिडून रडायला लागली. त्याने दोन बोटांनी तिच्या गालावरची ओली बट बाजूला केली. अलगद. मुळाशी धरून.

मी भिंतीवरच्या टाइल्स मोजायला लागले. कोणीतरी मोजायलाच हव्यात.

"आले!" ताई बाथरूमच्या दारात उभी. दारभर बाई, धापा टाकणारी, दोन्ही हातांत बॅगा. बॅगा खाली पडल्या. "झिपऱ्या!"

झिपऱ्याने टॉवेलातून डोकं बाहेर काढलं. शेपटीपासून मानेपर्यंत रेशीम, आणि डोक्यावर काटेरी झुडूप. तो ताईवरही भुंकला. त्या घरात तेव्हा न चिडलेली मी एकटीच होते.

ताईने त्याला उचललं, केसांत बोटं घातली. पाठ बघितली, पोट बघितलं. एकही केस कमी नव्हता. मग ते झुडूप बघितलं. मग भिजलेल्या भावाकडे, मग भिजलेल्या ठिणगीकडे, मग माझ्याकडे. मी नुसती भुवई उचलली. शहाणी बाई होती. तिला तेवढं पुरलं.

"हं," ताई म्हणाली. "असा मी याला नेणार नाही. हे सुटायला किती दिवस लागतील?"

"याच्या हातून?" ठिणगी नाक ओढत, रागाने म्हणाली. "जन्म जाईल!"

"चालेल," तो म्हणाला.

ताई तिथेच, ओल्या स्टुलावर, मटकन बसली.

लिफ्ट त्याने लग्नाच्या आदल्या दिवशी दुरुस्त केली, तीही ताईने कान धरल्यावर. झिपऱ्या आता म्हातारा झालाय, पण राग तसाच आहे. ताईकडे तो गेला तो फक्त सुट्टीपुरता. ठिणगी वर राहते. टोप मात्र अजून माझ्याच टेबलावर करते, उजेड बरा आहे म्हणून. आज एका राणीचा वाळत ठेवलाय.

आत्ता वरून आवाज येतोय. "हळू ओत!" "हळूच ओततोय!" "याला हळू म्हणतात?" मग भुंकणं, मग काहीतरी आपटणं, मग एकदम शांतता... बराच वेळ शांतता.

टप्.

बाथरूमच्या जाळीत केस अडकले असणार. वर जाऊन सांगायला हवं. सांगेन की. मी राणीला जरा बाजूला सरकवलं आणि तिच्या जागी मटारचं पातेलं ठेवलं.